पीटीटी दाबल्यावर जागा होणारा रिसीव्हर

वायरलेस सेट दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. तरी घरी बांधलेला सेट टेबलावर आला की मला वेगळाच हुरूप येतो. कंपनीच्या सेटला सर्व्हिस मॅन्युअल असतं, घरच्या सेटला बांधणाऱ्याची वही. त्या दिवशी एक निवृत्त शिक्षक आपला ट्रान्सीव्हर, म्हणजे पाठवणारा आणि ऐकणारा हौशी रेडिओ सेट, आणि सोबत वही घेऊन आले. सेट ४० मीटर बँडचा, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा. प्रत्येक टोरॉइडचे (कड्यासारख्या गाभ्यावरच्या गुंडाळीचे) वेढे, गाभ्याचा रंग, प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचं व्होल्टेज, सगळं तारखेसकट लिहिलेलं. अशी वही समोर असली की अर्धं काम झालेलं असतं. हल्ली फार थोडे लोक एवढं लिहून ठेवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तक्रार सरळ होती. सुरुवातीला झकास चालणारा सेट हळूहळू बहिरा होत गेला. पूर्वी पाच-नऊ, म्हणजे अगदी स्पष्ट आणि जोरदार, येणारी स्टेशनं आता जेमतेम कळत. समोरच्यांना मात्र सरांचा आवाज पहिल्यासारखाच खणखणीत ऐकू जात होता.

“क्रिस्टल फिल्टर गेला असणार,” सर म्हणाले. हवं ते स्टेशन निवडून बाकीची गाळणारा हा भाग. “चारही क्रिस्टल बदलून टाकू या.”

“सर, आधी कुठपर्यंत सिग्नल येतो ते बघू. तोवर सोल्डरिंग आयर्न तापवायचीच नाही.”

फिल्टरच्या शंकेमुळे त्यांनी पुढे एक प्रीअँप्लिफायर, म्हणजे अँटेनाचा सिग्नल आधीच मोठा करणारा भाग, बसवला होता. त्याने सिग्नलपेक्षा खरखरच वाढली. ७ मेगाहर्ट्झवर आकाशातून येणारा गोंगाट रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा कितीतरी मोठा असतो. त्यामुळे धड रिसीव्हरला या बँडवर पुढे अँप्लिफायर लागत नाही. अँटेना लावल्याबरोबर खरखर ठळकपणे वाढली पाहिजे. ही एका सेकंदाची परीक्षा आहे आणि मी ती कधीच टाळत नाही. प्रीअँप बाजूला काढून मी आमच्या डायपोल अँटेनाची कोएक्स केबल लावली. आवाजात फरक जवळपास शून्य. त्याच कोएक्सवर शेजारचा सेट भरभरून वाजत होता, म्हणजे दोष पेटीच्या आतच.

मग मागून पुढे सरकलो. ऑडिओ ठीक. बीएफओ, म्हणजे सिग्नलला ऐकू येणारा सूर देणारा ऑसिलेटर, फिल्टरच्या उतारावर जिथे हवा तिथेच. १० मेगाहर्ट्झचा आयएफ (सेटच्या आतल्या मधल्या फ्रिक्वेन्सीचा) सिग्नल फिल्टरमधून व्यवस्थित पार होत होता, तेव्हा क्रिस्टल निर्दोष सुटले. व्हीएफओकडून (स्टेशन लावणाऱ्या ऑसिलेटरकडून) फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या डायोड मिक्सरला पुरेसा जोर मिळत होता. फक्त हवा तो बँड आत सोडणाऱ्या बँडपास फिल्टरच्या तोंडाशी ७ मेगाहर्ट्झचा १ मायक्रोव्होल्ट सोडला, तर स्वच्छ सूर. तोच सिग्नल अँटेनाच्या सॉकेटवर दिला, तर काही नाही. तेवढाच सूर यायला तिथे दहापटीहून जास्त व्होल्टेज द्यावं लागलं. डेसिबलमध्ये ही घट वीसच्या वर, म्हणजे सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरचे तीनेक आकडे.

सॉकेट आणि फिल्टर यांच्यामध्ये होतं काय? वीतभर कोएक्स आणि पाठवणं-ऐकणं बदलणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. मी मल्टिमीटर लावला. बीप वाजला, रोध ओहमच्या अंशात.

“मीही हेच पाहिलं होतं,” सर म्हणाले. “तिथे काही नाही.”

पुन्हा सिग्नल जनरेटर जोडला, आणि रिसीव्हर दणक्यात वाजू लागला! सरांचा चेहरा उजळला. माझा नाही. काहीही न बदलता दोष गेला, तर तो गेलेला नसतो. मी विचारलं, “घरीही असा अधूनमधून सुधारायचा का?”

सरांना बोलताना दाबायच्या बटणाची, पीटीटीची, गोष्ट आठवली. “कॉल देऊन पीटीटी सोडली की थोडा वेळ छान ऐकू यायचं. मला वाटायचं, बँड उघडतोय, लांबची स्टेशनं यायला लागलीत.”

इथे चित्र लख्ख झालं. या रिलेचे संपर्क चांदीच्या मिश्रधातूचे. हवेतल्या गंधकाने चांदीवर काळपट थर धरतो. संपर्कातून बऱ्यापैकी करंट गेला तर तो थर फुटतो, म्हणून अशा पॉवर रिलेच्या डेटाशीटमध्ये किमान भारही दिलेला असतो, पुष्कळदा ५ व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअर. पाठवण्याच्या बाजूच्या संपर्कातून ५ वॉट जायचे, आणि जिथून रोज ये-जा असते त्या वाटेवर गवत उगवत नाही. ऐकण्याच्या बाजूला मात्र मायक्रोव्होल्टच. एस-नऊचा दणदणीत सिग्नलसुद्धा ५० मायक्रोव्होल्टचा, तो थर काय फोडणार? ५० ओहमच्या वाटेत हजार ओहमचा अडसर आला की २१ डेसिबल गेले. मल्टिमीटर मात्र तपासताना एखाद-दोन व्होल्ट आणि मिलिअँपिअरभर करंट सोडतो. तपासता तपासता त्यानेच थर फोडला होता. पीटीटी दाबली की संपर्क उघडून पुन्हा बसताना किंचित घासला जायचा, तेवढ्यानेही वाट मोकळी व्हायची.

पण पटलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. सेट चालू ठेवून वाट पाहिली. दुपारी उशिरा आवाज पुन्हा खाली आला. आता मल्टिमीटरला हात लावायचा नव्हता. फिल्टरची पहिली गुंडाळी ग्राउंडला जोडलेली होती, म्हणजे डीसीला परतीचा रस्ता तयारच होता. जनरेटर कपॅसिटरमधून जोडला आणि सॉकेटवर १२ व्होल्ट २.२ किलोओहम व रेडिओ सिग्नल अडवणाऱ्या चोकमधून दिले. ५ मिलिअँपिअर वाहिले आणि त्याच क्षणी सूर उसळला.

रिलेचं कवच उघडून भिंग सरांच्या हातात दिलं. एका बाजूचा संपर्क चकचकीत, दुसऱ्यावर काजळीसारखा डाग. सर बराच वेळ बघत राहिले, मग त्यांनी वहीत दोन्ही बाजूंचं चित्र काढलं. शिकवणारा माणूस शिकतानाही किती मन लावून शिकतो, ते बघून मला फार बरं वाटलं.

जागी सोन्याचा मुलामा असलेल्या संपर्कांचा, सीलबंद सिग्नल रिले बसवला. ५ वॉटला तो पुरतो. जास्त शक्तीच्या सेटमध्ये पॉवर रिले ठेवावा आणि ऐकण्याच्या संपर्कातून काही मिलिअँपिअर डीसी कायम खेळता ठेवावा, दोन्हीकडे कपॅसिटर आणि चोक लावून. अँटेना जोडताच खरखर उसळली आणि तिच्यातून कुणीतरी मोर्समध्ये सीक्यू, म्हणजे ‘कुणीही उत्तर द्या’ अशी हाक, देत असलेलं स्पष्ट ऐकू आलं. प्रीअँप सरांनी खिशात टाकला. त्यांच्या २० मीटरच्या सेटमध्येही हाच रिले आहे. तो आणायला ते उद्याच येणार होते.