मुली माईक बंदच ठेवतात

आज सर्व्हेसाठी आठवीच्या मुलींशी बोलले, डोकं अजून शांत होत नाहीये. घरात फोन एकच, तोही दादाकडे, हिला मिळतो रात्री भांडी घासून झाल्यावर, आणि तेवढ्या वेळात पण गेममध्ये मुलाचं नाव लावून खेळायचं, माईक बंद, कारण आवाज ऐकला की शिव्या सुरू आणि मग इन्स्टा आयडी दे म्हणून मागे लागतात.

घरी का नाही सांगत? "ताई, फोनच काढून घेतील ना!"

इतका राग आला, पोरीचा काय दोष यात? लैंगिक हेतूने मुलांना ऑनलाइन सतत गाठणं हा २०१२ च्या पॉक्सो कायद्यात गुन्हा आहे. चाइल्डलाइन १०९८, सायबर हेल्पलाइन १९३०, दोन्ही नंबर फळ्यावर लिहून आले. शनिवारी पालकसभेत बोलणारे, कोणी येताय का सोबत?