नवस बदलून घेताना: माझा अनुभव

चर्चच्या ऑफिसातल्या पावतीपुस्तकात नवसाला रकाना नसतो. माझे जे हाल झाले ते दुसऱ्या कोणाचे होऊ नयेत, म्हणून हे लिहितेय.

लेकीचं ऑपरेशन बांबोळीला झालं. तेव्हा मी देवाला नवस बोलले होते की पोर बरी झाली तर नोवेनाच्या, म्हणजे संतांच्या सणाआधीच्या नऊ प्रार्थनेच्या दिवसांत सावंतवाडीहून जुन्या गोव्याला अनवाणी चालत जाईन, संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला. पोर बरी झाली, आता कॉलेजला जाते. पण मधल्या काळात माझी शुगर वाढली, टाचेला जखम झाली आणि डॉक्टरांनी घरातसुद्धा चपलेशिवाय फिरायला बंदी केली.

घरातले म्हणाले, "देवाक सगळा कळता, सोड आता." कळतं हे खरं, पण शब्द मी दिला होता. नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेला बरा, हे बायबलमधल्या 'उपदेशक' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय. ते वाचलं की रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही.

मग ऑफिस. मी नवसाचं सांगितलं, तर समोरून प्रश्न आला, "मिस्सा मयताची की आभाराची?" म्हणजे चर्चमधली प्रार्थना कशासाठी करायची. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी 'आभार' लिहून पावती फाडली आणि म्हणाले, "झाला, फिटला नवस." पुढच्या वेळी फादर बाहेरगावी. रविवारी मिस्सानंतर गाठावं तर बाप्तिस्म्याची आणि लग्नाची माणसं आधीच उभी. मग ऑफिसातूनच सांगण्यात आलं की याला वरची परवानगी लागते, अर्ज द्या. अर्ज लिहिला, डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स जोडली आणि वाट बघत राहिले. नोवेना आली, वाडीतली माणसं चालत निघाली, 3 डिसेंबरचं फेस्तही झालं. उत्तर नाही. विचारायला गेले तर माझा अर्ज, चार घड्या घातलेला, त्याच पावतीपुस्तकाच्या मागच्या पानांत! तो कोणाकडे गेलाच नव्हता. त्या दिवशी मी ऑफिसच्या पायरीवर बसून रडले. आजही आठवलं की संताप येतो.

सुटका ईस्टरआधीच्या उपवासकाळात झाली. पापनिवेदन ऐकायला बाहेरून आलेल्या एका फादरांना मी विचारलं. ते म्हणाले, "बाई, यात अर्ज कुठून आला?" चर्चच्या 1983च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, कलम 1197 आहे. खासगी नवस ज्याने केला, तो स्वतःच त्याच्या जागी तेवढंच किंवा त्याहून चांगलं काम घेऊ शकतो. हलकं काम घ्यायचं असेल, तरच ज्याला नवसातून मोकळं करायचा अधिकार आहे त्याच्याकडे जावं लागतं. आणि 1196प्रमाणे तो अधिकार आपल्या पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, मुख्य फादरांनाही असतो, कारण मात्र योग्य हवं. एवढंच! हे मला ऑफिसात कोणी सांगू नये?

शेजारच्या आजींना डायलिसिसला नेणारं कोणी नव्हतं. चालण्याच्या जागी वर्षभर दर गुरुवारी मी त्यांना नेईन असं ठरवलं आणि सुरुवातीची व शेवटची तारीख वहीत लिहून ठेवली. तुम्हीही लिहा, 'जमेल तसं' ठेवू नका. आणि पैसे टाकून मोकळं व्हायचा सल्ला मिळाला तर लगेच मान डोलवू नका, आधी विचार करा की ते तुमच्या नवसाच्या तोलाचं आहे का. हो, ऑफिसात बोलताना 'आभार' हा शब्द तोंडातून काढू नका, पावती फाटते. थेट फादरांची वेळ मागा.

एक राहिलंच. आपल्याकडे आया मुलांच्या नावाने नवस बोलतात. कलम 1193 सांगतं की नवस बोलणाऱ्यालाच बांधतो, दुसऱ्याला नाही. माझ्या जाऊबाई मुंबईच्या मुलाच्या मागे लागल्यात की तुझ्यासाठी बोललेय, तू चालत जा. मी त्यांना म्हटलं, त्याला सोडा, चालायचं तर तुम्ही चाला, गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत पाणी आणि डबा घेऊन मी गाडीतून सोबत येते.