वेताळ टेकडीची फेरी आणि गिरिपुष्पाची सावली

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी, उजाडता उजाडता, मी आणि माझा भाचा लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूने पुण्यातली वेताळ टेकडी चढू लागलो. तो बंगळूरला नोकरी करतो आणि या टेकडीचे नाव त्याच्या कानावर गेले होते ते टेकडीवरून प्रस्तावित असलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्याच्या वादामुळे. ज्या जंगलासाठी एप्रिल २०२३ मध्ये पुणेकर मोर्चा काढतात ते जंगल आपल्याला पाहायचेच आहे, असे त्याने आल्या दिवशीच सांगून टाकले होते. आमची फेरी नेहमीचीच होती: पठारावर चढायचे, दगडाच्या जुन्या खाणीला वळसा घालून वेताळबाबाच्या देवळापाशी जायचे आणि दुसऱ्या अंगाने झाडीतून खाली यायचे. रमतगमत गेले तरी अडीच तासांत आटोपते.

टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे; शहर ५६० मीटरांच्या आसपास असल्यामुळे प्रत्यक्ष चढ फारसा नाही. वाट मात्र मुरमाड आहे आणि सुट्या खड्यांवरून पाय घसरतो, तोही चढताना कमी आणि उतरताना जास्त.

पहिल्या टप्प्यावरच भाचा थबकला. उतारभर निष्पर्ण झाडे उभी होती आणि त्यांच्या करड्या फांद्या फिकट गुलाबी फुलांनी लगडल्या होत्या. “मामा, हेच का ते जंगल?” त्याने विचारले. मला जरा अवघडल्यासारखे झाले, कारण ती सगळी गिरिपुष्पाची झाडे होती. गिरिपुष्प म्हणजे ग्लिरिसिडिया, मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. काही दशकांपूर्वी उघड्या टेकड्या लवकर हिरव्या करण्यासाठी त्याची सरसकट लागवड झाली. फांदी खोचली तरी जगणारे, मुळांवाटे जमिनीला नत्र देणारे आणि थोड्या पाण्यावर भराभर वाढणारे झाड मुरमाड उतारासाठी कोणालाही सोयीचेच वाटले असते. त्याचे दुसरे नाव उंदीरमारी; बिया आणि साल उंदरांना विषारी असल्यामुळे ते पडले. लागवड करणाऱ्यांना मी सरसकट दोष देणार नाही, पण या झाडीत शिरल्यावर जाणवणारी शांतता मला आवडत नाही. खाली गवत जवळजवळ नसते, पाखरांचा आवाज विरळ होतो आणि एका झाडाची जागा दुसऱ्याने घेतली असती तरी काही फरक पडला नसता, असे वाटत राहते.

पठारावर मात्र चित्र पालटते. तेथे सालईची मोजकी झाडे तग धरून आहेत आणि माझ्या लेखी या फेरीचे खरे मोल त्यांच्यातच आहे. एका बुंध्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. सालीचे पापुद्रे कागदासारखे पातळ सुटले होते आणि उगवतीचे ऊन त्यांच्यातून आरपार येत असल्यामुळे कडा तांबूस दिसत होत्या. खोडावरच्या एका जखमेतून डिंक पाझरून थिजला होता. भाच्याने त्याचा कण बोटांत चुरगळला आणि हुंगून म्हणाला, “देवघरातला वास आहे हा.” सालईच्या डिंकाचा धूप करतातच, त्यामुळे तो चुकला नव्हता. पलीकडे एक पांगारा पानांशिवाय लालभडक फुलला होता, त्यावर मैना आणि बुलबुल भांडत होते आणि गवतातून तित्तराची कर्कश हाक येत होती.

खाणीत या दिवसांत पाणी बरेच आटलेले असते. तिच्या उभ्या कापात बेसाल्टचे थर आणि त्यांतल्या भेगा स्पष्ट दिसतात. पावसाचे पाणी अशाच भेगांतून डोंगराच्या पोटात उतरते. माझ्या मते टेकडी राखण्याचे हे कारण सावलीपेक्षा मोठे आहे, पण ते डोळ्यांना दिसत नसल्यामुळे बोलले कमी जाते. देवळापाशी चिक्कार गर्दी होती. तेथे आम्ही फार रेंगाळलो नाही.

उतरताना मी उगाच शहाणपणा केला. नेहमीची वाट सोडून गिरिपुष्पाच्या झाडीतून जवळचा रस्ता काढू म्हणालो आणि पंधरा मिनिटांत दिशाच हरवली. खुणेला ना खडक, ना ओळखीचे झाड. जिकडे पाहावे तिकडे तीच करडी खोडे. शेवटी एका संस्थेचे तारेचे कुंपण आडवे आले आणि त्याच्या कडेकडेने बरेच चालल्यावर पायवाट सापडली. इतकी वर्षे येथे येणारा मामा शहराच्या मधोमध वाट चुकला, ही बातमी भाच्याने तेथूनच फोन करून माझ्या बहिणीला दिली.

खाली टपरीवर चहा येईपर्यंत तो मोजे काढून बसला. पठारावरच्या गवतातली कुसळे त्यांत घट्ट रुतली होती. या कुसळाचे शेपूट दोरीसारखे पिळलेले असते, ओलावा लागला की पीळ सुटू लागतो आणि त्या फिरण्याने बी मातीत शिरते, असे मी त्याला सांगितले. त्याने एक कुसळ बाकावर ठेवून त्यावर बाटलीतल्या पाण्याचा थेंब सोडला. शेपूट आधी थरथरले, मग हळूहळू गोल फिरू लागले आणि चहा आला तरी त्याने मान वर केली नाही.