वाजणारी घागरी

सोमवार, रात्री साडेअकरा

खोकी बाहेरच्या खोलीत तशीच पडलीत, उघडायचा धीर होत नाहीये. काल रात्री मडगावहून मिनिएचर मॉडेलांचा शो आटपून येताना बोरीच्या पुलाच्या अलीकडे एक खड्डा पाण्याखाली होता तो दिसलाच नाही, गाडी अशी आपटली की मागून खळ्ळकन आवाज आला आणि बायको म्हणाली, "काय फुटलंय ते आत्ता बघू नकोस." शहाणी आहे. मी बघितलं नाही. आज दिवसभर वेर्ण्याला कंपनीत पण तोच आवाज डोक्यात. म्हटलं आधी लिहून काढू, मग कटर घेऊन बसू.

तर यंदाची माटोळी, म्हणजे चवथीला, गणेश चतुर्थीला, गोव्यात गणपतीच्या वर फळं बांधून टांगतात ती चौकट, पण बाहुलीघराच्या मापात. गेली चार वर्षं मी जे काय करत होतो ते सगळं बाहेरचं, इंग्लिश टी शॉप, बेकरी, एक फायरप्लेसवाली खोली, कारण व्हिडिओ तिकडचे, किट तिकडची आणि मापंही तिकडचीच. एकास बारा, म्हणजे खऱ्यातला एक फूट आपल्याकडे एक इंच. फुटा-इंचात हे गणित जितकं सोपं तितकंच सेंटिमीटरमध्ये डोकेदुखी, त्यामुळे माझ्या लाकडी पट्टीची इंचाची बाजू तेवढी झिजलीय. टी शॉप वाईट नव्हतं हां, त्यातला तीन मजली केकस्टँड मला अजून आवडतो. पण मे महिन्यात गावी, सावईवेऱ्याला गेलो होतो, देवाच्या खोलीत दुपारी आडवा झालो आणि वर बघितलं तर माटोळीची रिकामी चौकट. चवथ सोडली तर वर्षभर ती तशीच टांगलेली असते, कोण वर बघतंय. पडल्यापडल्या मोजलं, पाच फूट बाय तीन फूट असेल. म्हणजे पाच इंच बाय तीन इंच. झालं, झोप उडाली.

खोली बारा इंच बाय दहा इंच, उंचीही दहा. वरची मंगळुरी कौलं प्रत्येकी साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब, फोमबोर्डची, दोनशे बारा. कौलं करताना माणूस वेडा होतो, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. खिडकीला जुन्या घरासारखी शिंपल्यांची तावदानं हवी होती, त्याला बरेच उपाय करून बघितले, बटर पेपर, फाइलचं कव्हर, सगळं प्लास्टिक प्लास्टिक दिसायचं, मग एक दिवस आई फोडणीची लसूण सोलत होती आणि ती साल उजेडात अशी चमकली ना! इस्त्री करून चौकोन कापले, वर पारदर्शक नेलपॉलिश. इतकं हुबेहूब माझं दुसरं काही जमलेलं नाही आणि खर्च शून्य. वास मात्र आठवडाभर होता.

बाकी जून-जुलैमध्ये गोव्यात बसून हे काम करणं म्हणजे स्वतःहून मागून घेतलेलं दुखणं. पांढरा गम पाणी उडून गेल्यावर वाळतो, आणि इकडे हवेतच इतकं पाणी की ते उडणार कुठे, संध्याकाळी चिकटवलेला दरवाजा सकाळी हात लावला की खुर्चीसारखा मागे कलतो. सुपर ग्लूचं बरोबर उलटं, तो दमटपणानेच घट्ट होतो, त्यामुळे वस्तू जागेवर नेईपर्यंत ट्वीझरलाच चिकटते आणि भोवती पांढरी बुरशीसारखी झाक मारते. एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या, कडा फुगल्या. कॉर्नफ्लॉर, फेव्हिकॉल, थोडं तेल आणि व्हिनेगर शिजवून मी घरीच क्ले करतो, त्याच्या एका गोळ्याला केस आले. खरे केस, काळे. मुलगा म्हणाला त्याला नाव ठेवूया.

फळं करायला मात्र मजा आली. ओल्या सुपारीला धणे, माप अगदी नेमकं, वर पिवळा-केशरी रंग. कांगल्यांना, म्हणजे बारीक रानफळांना, खसखस. लाल कवंडळांना हुशारी करून साबुदाणा घेतला, तर तो रंग पिऊन फुगला आणि सगळी कवंडळं एकमेकांना चिकटून लाल लाडू झाला, मग ती परत क्लेची केली. तोरिंगाची, म्हणजे लिंबाच्या जातीच्या मोठ्या फळाची, खडबडीत साल जुन्या टूथब्रशने दाबून. केळीचा घड, नारळाची पेंड म्हणजे घोस, चिबूड, दोडकी, अंबाडे, आंब्याचे टाळे. सगळे मिळून त्र्याहत्तर नग, चौकटीला अगरबत्तीच्या काड्या. एकेक चिकटवत गेलो आणि शोच्या दहा दिवस आधी सगळं तयार म्हणून बाबांना दाखवायला नेलं.

बाबांनी चष्मा वर करून बघितलं, मग खाली करून बघितलं. बराच वेळ काही नाही. मला वाटलं कानातलं मशीन बंद आहे म्हणून मी परत मोठ्याने सांगितलं की ही आपली माटोळी. म्हणाले, "ते कळलं रे. पण माटोळी बांधतात. ही तू चिकटवलीयेस."

मी म्हटलं बाबा, इतक्या लहान मापात बांधता येत नाही. ते म्हणाले बरं, आणि पेपर उघडला.

बाबांचं "बरं" ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल. चाळीस वर्षं गावची माटोळी त्यांनी बांधली, स्टुलावर चढून, खालून आम्ही पोरं एकेक फळ वर द्यायचो. आता खांद्यामुळे हात वर जात नाही, चुलतभाऊ बांधतो आणि बाबा खाली खुर्चीत बसून त्याला छळतात. त्या रात्री मी परत जाऊन बघितलं आणि खरंच, काहीतरी मेलेलं वाटत होतं. सगळी फळं आपापल्या जागी ताठ उभी, शाळेच्या प्रार्थनेला उभी राहतात तशी. वाऱ्याने हलायचा प्रश्नच नाही. फोटोत सुंदर दिसत होती हेही खरं, आणि फोटोपुरतं ठेवावं असं मनात आलंच, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी शिवणाचा दोरा घेऊन नारळाची पेंड बांधून बघितली. लोंबेचना! दोऱ्याला वळ जिकडे होता तिकडे पेंड तिरकी हवेत उभी. याचं कारण नंतर बसून काढलं. माप बारा पट लहान केलं की वजन बारा पट कमी होत नाही, बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे 1728 पट कमी होतं. सालासकट दीड किलोचा नारळ माझ्याकडे एक ग्रॅमचाही राहत नाही, तो दोऱ्याला काय खाली ओढणार. बाहुलीघरातले पडदे पण याचसाठी कधी नीट पडत नाहीत, त्यांना गमाचं पाणी लावून टाचण्यांनी चुण्या धरून वाळवावं लागतं. विंडसर कॅसलमधलं ते राणी मेरीचं बाहुलीघर आहे ना, 1924 मध्ये पूर्ण झालेलं, आपली दिल्ली आखणाऱ्या लुटियन्सनेच केलेलं, तेही एकास बाराच, त्यात विजेचे दिवे आहेत, लिफ्ट चालतात, नळाला खरं पाणी येतं. पण पाण्याचा थेंब काही त्या मापात लहान होत नाही. तो नळ कितीही बारीक असो, थेंब त्याच्या मानाने मोठाच पडणार. राजाराणीसाठी केलं तरी तिथे इलाज नाही. हे आठवून मला जरा बरं वाटलं.

उपाय शेवटी फोंड्याच्या बाजारात मिळाला, गळाला लावतात त्या शिशाच्या बारीक गोळ्या. दुकानदार म्हणाला एवढ्या बारक्या कशाला, कुठला मासा धरतोस? मी म्हटलं केळी. फळाला मागून भोक पाडून आत शिसं आणि वरून परत क्ले, असं मोठ्या बावीस फळांना केलं. (शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे आणि पोरांना जवळ येऊ द्यायचं नाही, हे माझ्या मुलाला चार वेळा सांगून झालं.) आणि दोरा कुठला, तर बाबांनीच. न बोलता टेबलावर केवणीच्या दोराचा एक जुना तुकडा आणून ठेवला. केवण म्हणजे देशावर जिला मुरडशेंग म्हणतात ती, तिच्या सालीच्या दोराने गावी माटोळी बांधतात. तो तुकडा पाण्यात भिजवून उसवला तर आत केसासारखे तंतू. म्हणजे माझ्या माटोळीचा दोर नक्कल नाही, तोच दोर आहे, फक्त सोललेला. गाठ पण बाबांचीच, सुटी होणारी, कारण विसर्जनानंतर सगळं उतरवायचं असतं. दोन ट्वीझरनी ती गाठ शिकायला दोन रात्री गेल्या. सात रात्री सगळं उतरवून परत बांधलं, बारीक फळं तर गुच्छाने बांधली, तीन नग तुटले.

शोबद्दल थोडक्यात. मडगावात एक हॉल, सोळा टेबलं, बाहेर धो धो. माझ्या एका बाजूला रेल्वेची मॉडेलं करणारे काका, त्यांचं माप एकास सत्त्याऐंशी, दुसऱ्या बाजूला दोन कॉलेजची पोरं जपानी रोबोटची किट घेऊन, एकास एकशेचव्वेचाळीस. मी त्यांना सांगितलं की अरे बारा बारे एकशेचव्वेचाळीस, म्हणजे माझ्या बाहुलीघरातल्या बाहुलीचं बाहुलीघर तुमच्या मापाचं असतं. पोरं खूश झाली आणि त्यातल्या एकाने आपला साडेबारा सेंटिमीटरचा रोबोट उचलून थेट माझ्या देवाच्या खोलीत माटोळीखाली उभा केला. गणपतीच्या पाटावर नरकासुर! दिवाळीआधीच आला म्हटलं. फोटो काढला, बाबांना दाखवलेला नाही.

विकलं काय गेलं तर फिश थाळीचे फ्रिज मॅग्नेट. एकेक एकशेवीस रुपयांना, एकेचाळीस गेले. तळलेल्या इसवणाची तुकडी, सोलकढी, भाताची मूद. मला ते करायचा कंटाळा येतो आणि त्याच्याच पैशातून टेबलाचं भाडं, पेट्रोल आणि पुढच्या सहा महिन्यांचे रंग निघतात, तेव्हा तक्रार करायची नाही. माटोळी विकायला नव्हतीच तरी चार जणांनी किंमत विचारली. एक गृहस्थ म्हणाले, "एवढा वेळ आहे तुमच्याकडे?" या प्रश्नाला मला अजून चांगलं उत्तर सुचलेलं नाही. शनिवारी तर वाईटच गेलं, लोक यायचे, "क्यूट" म्हणायचे, मोबाइल पुढे करायचे, गेले. टी शॉपला म्हणायचे तेच.

रविवारी दुपारी काय झालं, हॉलचा पंखा सुरू केला कुणीतरी. आणि माटोळी हलायला लागली. फार नाही, केळीचा घड जरासा, सुपारीचे घोस त्याहून कमी, नारळ जवळजवळ नाहीच, खऱ्यासारखंच, जड ते कमी हलतं. टेबलासमोर माणसं थांबायला लागली. आणि थांबली की मोजायला लागली! हा कांगला, हे कवंडळ, हे तोरिंग, हे काय हो, चिबूड असा नसतो. डिचोलीचे एक जण म्हणाले आमच्याकडे नारळ मधे असतो. दुसरे म्हणाले मधे कसा असेल. ते दोघे एकमेकांना ओळखत नव्हते, माझ्या टेबलावर वीस मिनिटं भांडले, मी मधे पाण्याची बाटली धरून उभा. खरं सांगायचं तर थोडा वैतागलोच, तोंडी परीक्षा चालल्यासारखी. आणि मग एक आजी आल्या, नऊवारी, हातात छत्री, त्यांनी वाकून एकेक करत सगळी माटोळी वाचली, अक्षरशः बोटाने वाचली, आणि सरळ होऊन म्हणाल्या,

"पुता, घागऱ्यो खंय?"

घागऱ्या. विसरलोच होतो. वाळली की आत बिया सुटतात आणि शेंग खुळखुळते ती. लहानपणी आम्ही चवथीत त्या चोरून कानाशी वाजवत फिरायचो आणि मीच विसरलो. मी म्हटलं राहिल्या आजी. "बरं," म्हणाल्या. बाबांसारखंच.

आता साडेबारा. उघडतो खोकं.

...

टी शॉपचा केकस्टँड तुटलाय, तिन्ही मजले वेगळे, काउंटरही निखळलं, देवाच्या खोलीची सहा कौलं सुटलीत. एक आंब्याचा टाळा गायब. माटोळी आहे तशी, एक गाठ सैल, बाकी नुसती झुलतेय.

गुरुवार

बाबांना आजींचं सांगितलं. ते उठले, कपाटावरचा बिस्किटांचा डबा काढला, त्यात केवणीच्या दोराचे उरलेले तुकडे, एक चाकू आणि गेल्या चवथीची एक वाळकी घागरी. हलवून दाखवली. खुळखुळ.

म्हणाले, "कर. पण वाजली पाहिजे."

तीन साडेतीन सेंटिमीटरची शेंग, माझ्या मापात तीन मिलिमीटरही नाही. लसणीच्या सालीची पोकळ शेंग जमली, चौथ्या प्रयत्नात. आत खसखशीचा दाणा घालायला गेलो तर दाणाच शेंगेच्या पोटाएवढा, जागचा हलेना. मग खसखस पाट्यावर जरा रगडली आणि त्यातले दोन कण टोकाने आत सारून तोंड बंद केलं. कानाशी धरून हलवलं. पंखा बंद करून परत हलवलं. मुलाला बोलावलं, तो म्हणाला वाजते, पण त्याला तेव्हा खेळायला पळायचं होतं.

बाबांकडे नेली. त्यांनी ती माझ्याकडून ट्वीझरसकट घेतली, कानाशी नेली, आणि दुसऱ्या हाताने मशीनचा आवाज वाढवायला लागले.