एमएम ५४० मध्ये डीआय टर्बो : कामाची नोंद, आजच्या टप्प्यापर्यंत

गाडी महिंद्रा एमएम ५४०. मूळ इंजिन प्यूजोचं एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी. त्याच्या जागी बोलेरोतलं २५२३ सीसीचं डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) टर्बो. इंजिन जागेवर बसलंय, मूळ चार गिअरच्या बॉक्सशी जुळलंय आणि म्हैसमाळच्या चढावर तपासूनही झालंय. क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधली दातेरी जोडी) बदलणं आणि आरटीओची तपासणी बाकी आहे.

आधी आकडे बघा, कारण पुढचं सगळं काम त्यावरच ठरतं. जुन्या इंजिनाची ताकद ६२ बीएचपी, ४५०० आरपीएमला. नव्याची ६३ बीएचपी, पण ३२०० ला. म्हणजे ताकद जवळपास तेवढीच. टॉर्क मात्र सुमारे १२ किलोग्रॅम-मीटरवरून १८ वर जातो, तोही १५०० ते १८०० च्या पट्ट्यात. पावसाळ्यात पाणंदीच्या काळ्या मातीत चाक रुतलं की हीच खालची ओढ कामाला येते, रेस वाढवत बसावं लागत नाही. पण याच दीडपट टॉर्कचा भार जुन्या गिअरबॉक्सवर, ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणारा डबा) आणि जॉइंटवर पडतो. शिवाय इंजिन ३२०० च्या पुढे जात नसल्याने हायवेवरचा वेग कमी होतो. हे दोन्ही धरूनच काम आखायचं.

पहिला नियम : गिअरबॉक्स जागेवरून हलवायचा नाही. एमएम ५४० च्या डाना १८ ट्रान्सफर केसचं मागचं आउटपुट मध्यावर नसतं, एका बाजूला असतं, आणि मागचं डिफरन्शियलही त्याच रेषेत सरकवलेलं असतं. बॉक्स मागेपुढे केला की दोन्ही प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते, लिव्हरचं भोक बदलतं, क्रॉस मेंबर कापावं लागतं. बोलेरोचा गिअरबॉक्स घ्यायचा मोह होतो, पण फोर बाय फोर हवं असेल तर त्या वाटेने मागचा हाउसिंगही बदलण्याची पाळी येते. म्हणून बॉक्स स्थिर ठेवला, जे काही सरकायचं ते इंजिन पुढे सरकलं. जागा मग फक्त फॅन आणि रेडिएटरमध्ये कमी पडते, आणि ती काढता येते.

डीआयचं फ्लायव्हील, स्टार्टर आणि बेल हाउसिंग (फ्लायव्हील-क्लचवरचं आवरण) हा संच एकत्रच घ्या. सुटे सुटे गोळा केले तर स्टार्टरचा दात फ्लायव्हीलच्या रिंगशी जुळत नाही. संच कायम ठेवून बेल हाउसिंगची मागची बाजू आणि गिअरबॉक्सचं तोंड यांच्यामध्ये १२ मिमीची माइल्ड स्टीलची अडॅप्टर प्लेट टाकली. प्लेट गॅसने कापून आणली की वाकलेली असते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सरफेस ग्राइंड करून घ्यायची. वाळूजला किंवा लातूरच्या एमआयडीसीत हे काम करणारे बरेच आहेत. रेखाटन कागदावर नको, जुन्या बेल हाउसिंगचा ठसा आणि व्हर्नियरची मापं दोन्ही द्या.

या प्लेटने तीन गोष्टी इंजिनाच्या तुलनेत १२ मिमीने मागे जातात, आणि इंजिन बदलायची बहुतेक कामं इथेच फसतात. एक, इनपुट शाफ्टचं टोक पायलट बुशमधून (त्या टोकाला इंजिनाकडून आधार देणारा बुश) तेवढं बाहेर येतं. त्यासाठी पायऱ्यांचा, १२ मिमीने जास्त लांब ब्राँझचा बुश वळवून घ्यावा लागतो. दोन, क्लच प्लेटचं हब स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या खाचांवर) कमी बसतं. हब पूर्ण स्प्लाइनवर आहे ना, हे बॉक्स लावण्याआधी शाफ्टवर खूण करून बघा. तीन, रिलीज बेअरिंग क्लचच्या बोटांपासून लांब जातं, म्हणून फोर्कचा पिव्होट तेवढाच पुढे घ्यायचा. क्लच प्लेटचा व्यास डीआयच्या प्रेशर प्लेटप्रमाणे आणि स्प्लाइन जुन्या बॉक्सप्रमाणे हवी. स्प्लाइन मोजा, बाहेरचा व्यास व्हर्नियरने घ्या, मगच दुकानात जा.

सगळ्यात जास्त वेळ सेंटरिंगला द्या. फ्लायव्हीलवर मॅग्नेटिक स्टँडने डायल गेज लावायचं, त्याची सुई अडॅप्टर प्लेटच्या मधल्या भोकाला टेकवायची आणि क्रँक हाताने पूर्ण एक फेरा फिरवायचा. सुई ०.२५ मिमीच्या आत फिरली पाहिजे. सुईचं पूर्ण वाचन हे खऱ्या सरकलेपणाच्या दुप्पट असतं, हे लक्षात ठेवा. इथे पहिलं वाचन ०.४० आलं, म्हणजे प्लेट ०.२० ने बाजूला होती. बोल्टची भोकं मुद्दाम अर्धा मिमी मोठी ठेवलेली होती, त्यामुळे बोल्ट अर्धवट आवळून तांब्याच्या हातोडीने प्लेट ठोकत ठोकत सरकवली. वाचन ०.१२ वर आल्यावर बोल्ट पक्के केले आणि त्याच अवस्थेत डॉवेलची (जागा पक्की करणाऱ्या पिनांची) भोकं ड्रिल करून रीमर मारला. डॉवेल आधी टाकून नंतर सेंटर शोधायला गेलात तर सगळं उलटं होतं. सेंटर चुकलेली गाडी पहिल्या दिवशी छान चालते. पुढे पायलट बुश घासून आवाज येतो, क्लच पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स टाकताना दात वाजतात, आणि मग बॉक्सचं पुढचं बेअरिंग जातं. मेकॅनिक अशा वेळी क्लच प्लेट बदलायला सांगतो, पण दोष क्लच प्लेटचा नसतो.

माउंटिंग : इंजिन चेनपुलीवर लटकतं ठेवून, बॉक्सला जोडून, मगच ब्रॅकेट टॅक करा. ब्रॅकेट ६ मिमी पट्टीची. चेसीवर थेट वेल्ड न मारता आधी माशाच्या आकाराची पट्टी बसवायची आणि चेसीच्या वरच्या-खालच्या पट्ट्यावर आडवा वेल्ड घ्यायचा नाही, तिथूनच तडा सुरू होतो. रॉड ७०१८, कोरडा. बॅटरी आणि अल्टरनेटर सोडवूनच वेल्डिंग. पुढचा अॅक्सल पूर्ण वर आल्यावर संपशी (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीशी) किमान ५० मिमी अंतर राहिलं पाहिजे. ते पाटे काढून, जॅकने अॅक्सल वर ढकलून प्रत्यक्ष बघा, डोळ्याच्या अंदाजावर सोडू नका.

टर्बोची तेलाची परतीची नळी सतत उताराने संपकडे गेली पाहिजे आणि तेलाच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. मध्ये कुठे पोट आलं की तेल तुंबतं, सीलमधून सायलेन्सरमध्ये जातं आणि निळा धूर येतो. मग लोक टर्बो बदलतात.

आता थंडावा. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा मूळ रेडिएटर पुरत नाही. कोअर एक ओळ जाड करून घेतला, फॅन कोअरपासून २८ मिमीवर आणि पाती श्राउडच्या (फॅनभोवतीच्या आवरणाच्या) निम्मी आत. श्राउडशिवाय फॅन म्हणजे नुसता आवाज. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो, तो मानू नका. इंजिन थंड राहतं, झीज वाढते, डिझेल जास्त जातं, आणि खरा दोष झाकला जातो. बोअरचं पाणी तर अजिबात नको. आपल्याकडे बऱ्याच गावात ते इतकं क्षाराचं असतं की नळ्यांमध्ये पांढरा थर बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे निम्मे. जुन्या पितळी टाकीला जास्त दाबाची कॅप लावू नका, डाग (सोल्डरचे जोड) उघडतात. मळणीचा भुसा आणि कापसाची रुई कोअरच्या बाहेर चिकटते, म्हणून पुढे काढता येणारी बारीक जाळी लावली. हवेने साफ करताना इंजिनाच्या बाजूने बाहेर फुंका. एअर फिल्टर ऑइल-बाथऐवजी कोरडा कागदी घेतला, आधी सायक्लोन (हवा फिरवून जाड धूळ वेगळी करणारं भांडं) लावून.

म्हैसमाळच्या चढावर दुसऱ्या गिअरला काटा मध्यावरून किंचित वर जाऊन थांबला. पुरेसं आहे.

राहिलं क्राऊन-पिनियन. डिफरन्शियलवरचे दात मोजा : ४३ ला ८ म्हणजे ५.३८, ३९ ला ८ म्हणजे ४.८८. ६.००-१६ टायरचा एक फेरा सुमारे २.२५ मीटर धरला आणि टॉप गिअर १:१, तर ५.३८ वर ३२०० आरपीएमला गाडी ८० च्या आसपास थांबते. जुन्या इंजिनाला ४५०० वर तीच ११० च्या पुढे जायची. ४.८८ वर ८८, ४.२७ वर १०१. सवयीचा वेग २५०० आरपीएमचा धरा : ५.३८ ला ६३, ४.८८ ला ६९, ४.२७ ला ७९. शेतात आणि घाटातच राबणारी गाडी असेल तर ५.३८ सोडू नका, लो रेंजच्या सुमारे अडीच पटीने ती चिखलातून अलगद निघते. जालना रोडवर रोज धावणार असेल तर ४.८८ किंवा ४.२७. पुढे-मागे दोन्ही संच एकाच प्रमाणाचे हवेत, नाहीतर फोर बाय फोर लावताच ट्रान्सफर केस ओढाताणीत जाते. मोठे टायर टाकून वेग मिळवायचा प्रयत्न करू नका, ओढ आणि ब्रेक दोन्ही कमी होतात. चाकं पूर्ण वळवून, लो पहिल्यात, पूर्ण रेस देणं टाळा. वाढलेला टॉर्क पुढच्या जॉइंटवर तिथेच उतरतो.

कागदपत्रांबद्दल. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला नोंदणी प्राधिकाऱ्याची परवानगी लागते, एमएच-२० (छत्रपती संभाजीनगर) असो की एमएच-२४ (लातूर). लेखी परवानगी हाती आल्यावरच कापाकापी करा आणि तोपर्यंत जुनं इंजिन विकू नका. नवीन इंजिनाचं खरेदी बिल आणि ज्या गाडीतून ते काढलं तिच्या आरसीची प्रत जपून ठेवा, क्रमांक घासलेलं इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नका. तपासणीला नेण्याआधी इंजिन क्रमांक दिसेल असा पुसून ठेवा, ब्रॅकेटने झाकला गेला असेल तर आत्ताच ब्रॅकेटला खाच द्या. आरसीवर क्रमांक आणि सीसी बदलून आली की विमा कंपनीला तेच कळवायचं. त्यानंतर क्राऊन-पिनियनचे संच मागवणार, ४.८८ चे.