नेफ्यात गेलेली दोरी

पायजम्याची नाडी नेमकी लग्नाला निघताना आत जाते. एक टोक हातात, दुसरं नेफ्यात गडप. माझ्या बाबतीत हे बेलापूरच्या खाडीत घडलं, आणि नेफा होता होडीचा.

मित्राच्या भागीत घेतलेली, चौदा फुटी, फायबरची जुनी शिडाची होडी आहे आमची. दिवाळे कोळीवाड्याच्या काठाला असते. तिच्या पोटात मधोमध एक उभी चीर आहे आणि चिरेतून खाली पाण्यात उतरते एक फळी, सेंटरबोर्ड. ही नसेल तर वारा होडीला पुढे नेण्याऐवजी खेकड्यासारखी आडवी नेतो. पहिल्यांदा ती चीर पाहून काठावरचे एक म्हातारे नाखवा म्हणाले होते, "होडीला भोक पारून घेतलंय का मुद्दाम?" मी त्यांना समजावलं की भोकाभोवती पेटी आहे, पेटीच्या भिंती बाहेरच्या पाण्याहून उंच आहेत, म्हणून पाणी तेवढ्यापुरतंच चढतं. त्यांनी मान हलवली. पटल्याची नव्हे.

फळी पुढच्या टोकाला एका खिळ्यावर फिरते. मागच्या टोकाला दोरी, ती कप्पीवरून येऊन क्लीटला, म्हणजे दोरी धरून ठेवणाऱ्या खुंटीला, अडकवायची. तळ लागला की फळी आपोआप मागे उचलली जाते. यातली खरी हुशारी तीच. न्यू जर्सीतल्या तिघा स्वेन भावांनी १८११ साली याचं पेटंट घेतलं, तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता. खाली जायला फळीला काहीच लागत नाही, स्वतःच्या वजनाने जाते. सगळी मदार वर येण्यावर, म्हणजे सहा मिलिमीटरच्या एका दोरीवर.

आणि ती दोरी मी कपडे वाळत घालायची नायलॉनची लावली होती. स्वस्त, पिवळी, ताणली की रबरासारखी लांबणारी. फळी पूर्ण वर आलीये असं हाताला वाटायचं आणि खाली चार बोटं लोंबत असायची.

त्या दिवशी द्वादशी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे नऊला भरती; खाडीत आत आणखी जराशी उशिरा. अकरा वाजता परतलो तेव्हा सुकती, म्हणजे ओहोटी, चांगली लागली होती. फळी उचलायच्या आधी होडीचं तोंड वाऱ्यावर घ्यायचं, शीड फडफडू द्यायचं, मग दोरी ओढायची, हे मला माहीत होतं. शीड भरलेलं असलं की आडव्या दाबाने फळी पेटीच्या भिंतीला चिकटून बसते. पण काठ समोर दिसत होता आणि मी आळशी माणूस आहे. पाय टेकवून हिसका दिला. फट्! मी पाठीवर, हातात वीतभर दोरी, आणि फळी पुन्हा धप्पकन खाली. उरलेलं टोक पेटीत, चिखलाच्या पाण्यात.

काठापासून पन्नास हातांवर रुतलो. उतरून फळी खालून वर ढकलायची म्हणजे गुडघ्यापर्यंत चिखलात. मी ढकलतोय, मित्र वरून पेटीत हात घालून पकडायला बघतोय, धक्क्यावर मासळी निवडणाऱ्या दोघी हात थांबवून आमच्याकडे बघतायत. शेवटी नाखवाच छोटी होडी घेऊन आले आणि काही न बोलता आम्हाला ओढून नेलं. न बोलणं जास्त लागलं.

दुरुस्ती पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, सगळ्याच होड्या वर ओढलेल्या, त्यांत आमचीही एक. जुन्या टायरांवर कुशीवर आडवी केली, खिळा काढला. चिरेत आतून बार्नॅकलचा थर. दिसायला शिंपल्याचे भाऊबंद, पण जात कोळंबी-खेकड्यांची. धार अशी की हॅकसॉच्या पात्याने खरवडताना तीन बोटं कापली. कप्पीचं चाक मिठाने धरलेलं, फिरतच नव्हतं. म्हणजे इतके दिवस दोरी चाकावरून येत नव्हती, काठावर घासत होती. तुटलेलं टोक पाहिलं तर झिजलेला भाग बरोबर तिथेच, जिथे फळी वर असताना दोरी कप्पीवर बसते. चाक गोड्या पाण्याने धुतलं, हाताने फिरवत बसलो, शेवटी सुटलं.

नवी दोरी पॉलिएस्टरची. पण पेटीच्या टोकाला असलेल्या बारीक नळीतून ती न्यायची कशी? तार घातली, वाकली. फोनवर आईला सहज सांगितलं तर ती म्हणाली, "जुनी ओढून काढायच्या आधी तिच्या टोकाला नवी शिवायची रे. नाडी बदलताना कधी बघितलं नाहीस मला?" बघितलं होतं, पण आता जुनी होती कुठे! तासाभराने मासे पकडायच्या बारीक तंगुसाला नटाचं वजन बांधून ते वरून सोडलं, त्याला दोरी शिवली आणि ओढली. टोक लायटरने वितळवलं, आठाची गाठ मारली. हातभर जास्तीची ठेवलीये. दरवर्षी दोन बोटं कापून पुढे सरकवायची, म्हणजे रोज एकाच जागी घासणार नाही.

नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरवली. तोंड वाऱ्यावर घेऊन दोन बोटांनी दोरी ओढली, फळी पूर्ण वर आली, पेटीला लागून टक् वाजलं. मी उगाच चार वेळा वर-खाली केली. नाखवा धक्क्यावरून बघत होते, त्यांना दिसावं म्हणूनही असेल.

खिळ्यापाशी मात्र थेंब येतोय. रबरी वायसर बदलायचा राहिला.