आमची वाटचाल: पहिलं इंजिन आम्हीच बसवलं

बसवलं म्हणजे फिटिंग केलं असं वाटत असेल तर तसं नाही, बसवलं म्हणजे मेलं. दोन पार्टनर, एक शेड, एक लॅपटॉप आणि एक २ लीटरची टर्बो गाडी, एवढ्यावर आमचं ट्यूनिंगचं काम, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधून पेट्रोल, स्पार्क आणि बूस्ट बदलायचं काम, सुरू झालं. त्याआधी कार्ब्युरेटरच्या गाड्यांचे जेट बदलायचो, प्लगचा रंग बघून मिक्सचर सांगायचो, त्यात हात बसला होता म्हणून वाटलं कॉम्प्युटरवर काय, आकडे तर बदलायचे.

त्या गाडीचं बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात हवा कोंबतो तो दाब, कंपनीचं होतं ०.७ बार, आम्ही नेलं १.२ वर. गाडी अशी पळाली की मालक खूश, आम्ही त्याहून खूश. चौथ्या दिवशी फोन, दादा मागून निळा धूर येतोय आणि ऑइलची डिपस्टिक आपोआप वर येतेय. डिपस्टिक वर येतेय म्हटल्यावरच पार्टनर खाली बसला. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, घेतलं, तीन सिलिंडर १५० पीएसआयच्या आसपास आणि तीन नंबरचा सिलिंडर ६०. इंजिन उघडलं तर पिस्टनचा दोन रिंगांमधला कठडा तुटून पडलेला.

का तुटला हे कळायला आम्हाला दोन आठवडे लागले. त्या गाडीत रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीतला दाब, ३ बार आणि तो राखणाऱ्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा जाते तिथला) पाइप, म्हणजे बूस्ट १.२ झालं की रेलमध्ये ४.२ लागणार. पंपाचं असं असतं की प्रेशर जितकं जास्त मागाल तितकं पेट्रोल तो कमी फेकतो, आणि जुना पंप, ५५०० आरपीएमच्या वर त्याचा दमच संपला. पेट्रोल कमी, हवा तेवढीच, मिक्सचर लीन, आतलं तापमान वर, मग नॉक, म्हणजे उरलेलं मिक्सचर आपोआप भडकून पिस्टनला बसणारा दणका. आणि आम्ही बघत होतो कशावर तर गाडीतल्या साध्या ऑक्सिजन सेन्सरवर, जो फक्त हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ च्या अलीकडे का पलीकडे एवढंच सांगतो. बूस्टवर आपल्याला ११.५ ते १२ मध्ये राहायचं असतं (आकडा लहान म्हणजे पेट्रोल जास्त, रिच), तो म्हणतो "रिच आहे", १२ आहे का १३.५ ते त्याला कुठे माहीत. आम्ही रिच आहे म्हणून निवांत.

ते इंजिन आमच्या पैशाने बांधून दिलं. सहा महिने धंद्यातून एक रुपया घरी नेला नाही. घरच्यांनी काय ऐकवलं ते इथे लिहित नाही.

त्यानंतरची पहिली खरेदी हे प्रमाण नेमकं आकड्यात सांगणारा वाइडबँड सेन्सर आणि दुसरी रेलवर लावायचा प्रेशरचा काटा. लोक विचारतात डायनो (गाडीची ताकद मोजायचं यंत्र) कधी घेतला, तो खूप नंतर आला आणि खरं सांगायचं तर डायनोने आम्हाला जेवढं शिकवलं त्यापेक्षा त्या काट्याने जास्त शिकवलं.

तेव्हापासून एक पद्धत पडली, गाडी आली की आधी लॅपटॉप उघडायचाच नाही. आधी कॉम्प्रेशन, मग लीकडाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते), मग इनटेकमध्ये धूर सोडून कुठे पाइप गळतोय का, मग प्लग काढून बघायचे, मग फ्युएल प्रेशर. लीकडाउन १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, २० च्या वर गेलं की आम्ही हात जोडतो. यावरून खूप भांडणं झाली. माणूस लांबून गाडी घेऊन येतो, मनात आकडा धरून येतो आणि आपण त्याला सांगायचं की तुझ्या इंटरकूलरचा (टर्बोची हवा गार करतो त्याचा) पाइप फाटलाय, तो बदल, आज ट्यूनिंग नाही. काहीजण त्याच दिवशी दुसरीकडे गेले. एकाची गाडी आठवड्याने टोईंगवर परत आली, पण सगळ्यांच्या आल्या नाहीत हेही खरं, काही अजून मस्त पळतायत, तेव्हा आमचं प्रत्येक नाही बरोबरच होतं असं मी म्हणणार नाही.

डायनो आल्यावर वेगळीच डोकेदुखी. आकडा! ३२० न्यूटन मीटर टॉर्क ४००० ला असेल तर १३४ किलोवॅट होतात, तोच टॉर्क ६००० पर्यंत टिकवला तर २०१. टॉर्क तोच, पॉवर दीडपट. म्हणून आम्ही सांगत असतो की मधला धक्का हवा का वरची ओढ हवी ते आधी ठरवा, छोटा टर्बो वर जाऊन गुदमरतो आणि मोठा खाली उठतच नाही, दोन्ही एका गाडीत मागू नका. पण लोकांना शेवटी कागदावरचा आकडा हवा असतो. आता २०१ किलोवॅट म्हणजे एका हिशोबाने २७० हॉर्सपॉवर आणि मेट्रिक हिशोबाने २७३. त्यात चाकावर मोजलं का क्रँकवर, म्हणजे थेट इंजिनावर, अंदाज काढला हा वाद, त्यात हवामानाचं करेक्शन, एसएई जे१३४९ या मानकात २५ अंश तापमान धरतात, जुनं एक करेक्शन आहे ते लावलं की तीच गाडी साधारण ४ टक्के वर दिसते. नुसतं सेटिंग बदलून दहा घोडे! एक गिऱ्हाईक दुसरीकडचा कागद घेऊन आला होता, म्हणाला तुमच्याकडे गाडी कमी पडली. मी त्याला त्याच्याच कागदाच्या कोपऱ्यातलं करेक्शन दाखवलं, त्याला पटलं नाही, गेला. आम्ही अजूनही आधीचा आणि नंतरचा रन एकाच डायनोवर, एकाच सेटिंगवर घेतो आणि फरक तेवढा सांगतो.

टायमिंगचं, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी स्पार्क द्यायचा त्याचं, थोडं लिहितो कारण सगळ्यात जास्त प्रश्न तेच येतात. स्पार्क आम्ही मुद्दाम उशिरा ठेवून सुरू करतो आणि एकेक अंश पुढे आणत टॉर्क बघतो. परवाचीच एक टर्बो नसलेली गाडी घ्या, मोठे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे) टाकलेली: २४ अंशांवर १८६ न्यूटन मीटर, २६ वर १९१, २८ वर १९३, ३० वर पण १९३. म्हणजे शेवटच्या दोन अंशांनी काहीच दिलं नाही, फक्त पिस्टनवरचा ताण वाढला, मग २८ च्याही जरा मागेच सोडली. टर्बोत ही चैन नसते, तिथे टॉर्क वाढत असतानाच नॉक येतो, मग जिथे आला तिथून २ अंश मागे यायचं. "ते दोन अंश पण द्या ना दादा" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय. ते दोन अंश माझे नाहीत हो, ते उन्हातल्या ट्रॅफिकचे आहेत, इंटरकूलर तापलेला असताना मारलेल्या चौथ्या ओव्हरटेकचे आहेत, आणि कुठेतरी टाकीत भरलेल्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलचे आहेत. डायनोवर समोर मोठा पंखा असतो, रस्त्यावर नसतो.

मध्ये इथेनॉलच्या गाड्या पण केल्या. ई८५ ला (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनाला) नॉक जवळजवळ येतच नाही, टायमिंग मोकळेपणी देता येतं, पण त्याचं प्रमाण १४.७ नाही, ९.८ च्या आसपास आहे, म्हणजे पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त ओतावं लागतं. इंजेक्टर ८५ टक्के ड्युटीच्या (म्हणजे तेवढा वेळ उघडाच) वर गेला की आम्ही थांबतो, आणि इथेनॉलवर मूळ इंजेक्टर तिथे फार लवकर पोचतात. पुन्हा पंपच, पुन्हा काटाच.

कॅटलिटिक (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग) काढून द्या, चेक इंजिनचा लाइट बंद करून द्या, असली कामं घेत नाही. त्यावर वाद घालत बसत नाही आता, नाही म्हणजे नाही.

आज आम्ही पाचजण आहोत. पार्टनर इंजिन बांधतो, मी मॅप करतो (कॉम्प्युटरमधले आकडे बसवतो), आणि एक नवीन पोरगा ब्लॉकला मायक्रोफोन लावून हेडफोनवर नॉक ऐकायला बसतो. सेन्सर असतानाही कान कशाला, असं विचारतात. सेन्सर एका ठराविक पट्ट्यातला आवाज पकडतो, ८६ मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) इंजिनात तो साधारण साडेसहा किलोहर्ट्झच्या वर येतो, पण फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन थंड असताना एवढे खडखडतात की सेन्सर उगाच ओरडतो. मग खरं काय ते माणसानेच सांगावं लागतं.

गेल्या आठवड्यात रन चालू असताना ५२०० ला त्या पोराने हात वर केला, मी लगेच पाय काढला. लॉगमध्ये काही नाही. पुन्हा रन, पुन्हा ५२०० ला हात वर. प्लग काढले, स्वच्छ. अर्धा दिवस गेला शोधण्यात. शेवटी निघालं काय, तर एक्झॉस्टच्या हीट शील्डचा बोल्ट सैल होता. पोरगा बिचारा ओशाळला, पार्टनरने त्याच्या हातात दहाचा पाना दिला, बोल्ट त्यानेच आवळला आणि हेडफोन घालून परत जागेवर जाऊन बसला.